आईचा टीव्ही आणि जावक रजिस्टर

सरकारी खात्यात कारकुनी करणाऱ्या माणसाला यंत्रातलं काय कळणार, असं माझ्या भाच्याचं मत होतं. ते चुकीचं नाही. मी कला शाखेचा पदवीधर, घरातला फ्यूज उडाला तरी वायरमनची वाट बघत काळोखात बसणारा. तरीपण त्याच्या सुरतेच्या घरातला एक घोळ मी सोडवला, आणि तोही आवक-जावक रजिस्टरच्या जोरावर. त्याची ही हकिगत.

बाबा गेल्यावर आई फोंड्याकडचं घर बंद करून ताईकडे सुरतेला गेली. भावोजींची नोकरी हजिऱ्याच्या बाजूला, घर अडाजणला. सुरतेत मराठी माणसाला परकं वाटायचं तसं कारण नाही. लिंबायत, उधना या भागांत खानदेशातून आलेली कितीतरी कुटुंबं आहेत, महापालिकेच्या मराठी शाळाही आहेत. ताईचे शेजारी मात्र ओळख झाल्याझाल्या माझ्याकडे १६६४च्या स्वारीचा हिशेब मागतात आणि मग हसत हसत पोंकची बशी पुढे करतात. पण आमच्या आईचं घरात बोलणं कोंकणी, वाचन मराठी. तिला खानदेशी शेजारीण भेटली तरी दोघींची गाडी 'जेवलात काय' याच्यापुढे सरकत नाही.

म्हणून ताईने तिच्यासाठी गच्चीवर दूरदर्शनच्या फ्री डिशची तबकडी लावून घेतली. ही सेवा २००४च्या डिसेंबरात 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली. महिन्याचं बिल नाही, एकदा तबकडी आणि बॉक्स घेतला की झालं. २०१९ साली त्यावर डीडी गोवाही आलं. तेव्हापासून आईची संध्याकाळ ठरलेली. ओळखीचं देऊळ, ओळखीचं गाव, कुणाचं तरी कोंकणी बोलणं एवढं कानावर आणि डोळ्यांवर पडलं की तिला रात्री झोप लागते. हे सगळं येतं ते जीसॅट-१५ या उपग्रहावरून. तो विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशाला, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर उभा आहे. सुरतेहून पाहिलं तर तो आग्नेयेला. आमच्या गोव्याहूनही आग्नेयेलाच, फक्त आपल्याकडे तबकडी थोडी जास्त मान वर करून बसते.

२०२३च्या उत्तरायणाला मी सुरतेला गेलो. मडगावहून ओखा एक्स्प्रेस पकडली की गाडी बदलावी लागत नाही. सुरतेचं उत्तरायण म्हणजे काय ते सांगून कळायचं नाही. १४ जानेवारीला सगळं शहर गच्चीवर असतं, आणि हौस फिटत नाही म्हणून १५ला वासी उत्तरायण. सुरती मांजा प्रसिद्ध आहेच. तो अडकला ताईच्या तबकडीत, कुणीतरी जोरात ओढला, तबकडी बोटभर फिरली आणि आईचा गोवा गेला. भाच्याने तासभर खटपट करून ती परत जाग्यावर आणली. मला वाटलं, आई खूश होईल. पण ती नुसती म्हणाली, "असू दे रे, आता मला टीव्ही नको."

आमच्या आईने टीव्ही नको म्हणावं? मी ताईला स्वयंपाकघरात गाठलं. तिने आवाज खाली करून सांगितलं, की दोन महिने झाले, आईच्या लक्षात राहत नाही. रात्री टीव्ही बंद केला म्हणते आणि सकाळी तो चालू असतो. कधी नुसता निळा पडदा. एकदा ती मध्यरात्री उठली तर टीव्ही आपला बोलतोय, समोर कोणी नाही. तेव्हा बिचारी घाबरली. स्मरणशक्तीची तपासणी करायला पुढच्या सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली होती. मी आईजवळ जाऊन बसलो तेव्हा तिने मला हळूच विचारलं, "म्हाका पिशें लागलां काय रे?"

काय उत्तर द्यायचं?

आता भाच्याची करामत सांगायला हवी. हा मुलगा इंजिनिअरिंगला. त्याने 'होम असिस्टंट' नावाची एक फुकट मिळणारी प्रणाली एका चिमुकल्या संगणकावर बसवली होती. २०१३ साली एका हौशी माणसाने सुरू केलेलं हे काम आज जगभरातली हौशी मंडळी आपापल्या घरी चालवतात. दिवे, पंखे, पाण्याचा पंप, सगळं मोबाईलवर. टीव्ही आणि आईचा सेट-टॉप बॉक्सही त्याने त्यात जोडला होता. बॉक्स जुन्या वळणाचा, त्याला वायफाय वगैरे काही नाही, त्याला फक्त रिमोट कळतो. म्हणून भाच्याने हिंगाच्या डबीएवढी एक काळी डबी शोकेसवर ठेवली. तिला रिमोट एकदा दाखवला की ती त्याची भाषा शिकते आणि पुढे हुबेहूब तसाच इशारा स्वतः करते. हा इशारा म्हणजे डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश, सेकंदाला साधारण ३८,००० वेळा लुकलुकणारा. रोज रात्री ११ वाजता 'रात्र' नावाचा हुकूम सुटायचा. हॉलमधले दिवे बंद, पंखा बंद, टीव्ही बंद, बॉक्स बंद. तोवर सगळे आपापल्या खोल्यांत दारं लावून झोपलेले.

"मामा, माझ्याकडे नोंद आहे," भाचा म्हणाला. त्याने मोबाईल दाखवला. रोज रात्री ११ला टीव्ही 'बंद'. म्हणजे त्यानंतर तो चालू झाला असेल तर आजीनेच केला असणार. झालं! यंत्राची साक्ष एका बाजूला आणि आईची दुसऱ्या बाजूला, आणि घरातल्या सगळ्यांनी यंत्रावर विश्वास ठेवला. कोणाला दोष देत नाही, मीही पहिल्या दिवशी ठेवला.

पण कागदावर 'पाठवले' असं लिहिलेलं असलं की ते पोचलं असं आम्ही कारकून धरत नाही. वीस वर्षं मी जावक रजिस्टर सांभाळलंय. पत्र गेलं याची नोंद वेगळी आणि पोच आली याची वेगळी. मी भाच्याला विचारलं, "तुझा टीव्ही 'मी बंद झालो' असं तुला कळवतो काय?" तो म्हणाला, नाही, इन्फ्रारेड एकतर्फी असतं, हुकूम पाठवला की प्रणाली तो पाळला गेला असं धरून चालते. मग मी विचारलं, रिमोटवर चालू करायचं बटण कुठलं आणि बंद करायचं कुठलं? तो बोलायला लागला आणि मध्येच थांबला. बटण एकच!

तरी त्याला खात्री पटेना, मलाही नव्हती. म्हणून मी ताईच्या हिशेबाच्या वहीचं मागचं पान घेतलं आणि रकाने आखले. रात्री आईने काय बंद केलं, सकाळी काय सापडलं. पहिल्या रात्री आईने टीव्ही आणि बॉक्स दोन्ही बंद केले. बाबांची शिस्त, मालवायचं तर दोन्ही मालवायचं. सकाळी दोन्ही चालू. दुसऱ्या रात्री तिने फक्त टीव्ही बंद केला. सकाळी टीव्ही चालू, बॉक्स बंद, निळा पडदा. तिसऱ्या रात्री ती सोफ्यावरच पेंगली आणि काहीच बंद न करता आत गेली. सकाळी सगळं बंद. ताई म्हणाली, "बघ, आज आठवणीने केलं तिने." म्हणजे ज्या रात्री आई खरंच विसरायची, त्याच सकाळी तिला शाबासकी मिळत होती, आणि ज्या रात्री ती चोख वागायची त्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा विषय निघायचा.

चौथ्या रात्री मी दोन्ही बंद केलं आणि भाच्याला घेऊन काळोखात बसलो. मोबाईलचा कॅमेरा काळ्या डबीवर धरला. आपल्या डोळ्यांना न दिसणारा तो प्रकाश बऱ्याच मोबाईल कॅमेऱ्यांना दिसतो, हे भाच्यानेच सांगितलं. ११ वाजले. डबी पडद्यावर जांभळी लुकलुकली. टीव्हीचा तांबडा ठिपका गेला आणि हॉलभर उजेड पडला. भाच्याच्या मोबाईलवर तेव्हा लिहिलं होतं, 'टीव्ही बंद'.

तो बराच वेळ गप्प होता. सकाळी आजीपाशी जाऊन काय बोलला ते मी विचारलं नाही. त्याने चहाची कपबशी स्वतः नेली एवढं पाहिलं.

१९७५-७६ साली नासाच्या उपग्रहावरून देशातल्या २,४०० खेड्यांत टीव्ही पोचवायचा 'साइट' हा प्रयोग झाला होता, त्याची आठवण मला त्या सकाळी झाली. गावाला एकच संच आणि कोंबड्यांच्या जाळीची दहा फुटी तबकडी. त्या गावात रिमोट नव्हता, तेव्हा कुणाच्या आईवर असा आळ यायचा प्रश्नच नव्हता. असो.

दुरुस्ती फार मोठी निघाली नाही. विजेचा वापर मोजणारा एक प्लग भाच्याने टीव्हीला लावला. टीव्ही चालू असला की पन्नास-साठ वॅट, बंद असला की एक वॅटही नाही. आता ११ वाजता प्रणाली आधी आकडा बघते, वॅट जास्त असले तरच हुकूम सोडते आणि नंतर पुन्हा बघते. ही झाली पोच. बॉक्सलाही तसाच प्लग लावून पाहिला, पण त्याचा उपयोग झाला नाही. तो 'बंद' असतानाही जवळजवळ तेवढीच वीज खात होता. शेवटी बॉक्सला रात्रीच्या हुकमातून काढूनच टाकलं.

सोमवारची वेळ ताईने रद्द केली. परत निघायच्या आदल्या संध्याकाळी आई टीव्हीसमोर बसली, डीडी गोवा लावलं, आणि कुठल्याशा जत्रेतली पालखी बघून मला हाक मारली.

महिन्याभराने भाच्याचा फोन आला. "मामा, आजी रात्री टीव्ही बंद करते आणि वर भिंतीवरचं बटणही बंद करते. माझा प्लगच मरतो. मोबाईलवर 'उपलब्ध नाही' असं येतं. तू तिला सांग ना."

मी म्हटलं, नाही सांगणार.