तूर्त उतरू नये

माणसाच्या अंगी एखादी तरी विद्या असावी. माझ्या अंगी बाण सोडण्याची आहे. भुईचक्र, भुईनळे हे जमिनीवरचे जीव. ते कोणीही पेटवावेत. बाणाचं तसं नाही. बाटलीत वाळू किती भरायची, ती वाऱ्याच्या कोणत्या अंगाला कलती ठेवायची आणि वात पेटल्यावर अब्रू न घालवता किती पावलं पळायचं, हे शास्त्र मी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर वीस वर्षांच्या तपश्चर्येने मिळवलं.

आमची सोसायटी कुर्ल्याला. सांताक्रूझच्या मोठ्या धावपट्टीपासून असेल दीडेक किलोमीटर. पूर्वेकडून उतरणारी विमानं आमच्या डोक्यावरूनच जातात. टीव्हीवरच्या मालिकेत कोण कोणाचा बाप हे कळायच्या नेमक्या क्षणी विमान येतं, त्यामुळे आमच्या इमारतीत कित्येक बापांचा उलगडा अजून व्हायचाच आहे.

मध्यंतरी सात मजल्यांवर आणखी दोन चढवायचं घाटत होतं. विमानांच्या वाटेत येतात म्हणून परवानगी मिळाली नाही. सेक्रेटरी महिनाभर आकाशाकडे बघून दात-ओठ खात होते. पण जिथे आमच्या नवव्या मजल्याला मज्जाव झाला, त्याच्याही वर माझा बाण दर दिवाळीला विनापरवाना जाऊन येतो, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. अपवाद तळमजल्यावरच्या अण्णांचा.

अण्णा विमानतळावरून निवृत्त झाले. काम काय, तर धावपट्टीवरची पाखरं हाकलणं. आणि हाकलायची कशी? फटाके वाजवून! जन्मभर दुसऱ्याच्या खर्चाने फटाके उडवलेल्या माणसाने आम्हांला नको म्हणावं, हे मला निव्वळ ढोंग वाटे. विमानतळाच्या आसपास पतंग, फुगे, लेझर आणि उंच उडणारे फटाके नकोत, अशा पोलिसांच्या हुकुमाचं कात्रण ते सोसायटीच्या फळ्यावर लावीत. मी त्याच्यावर फराळाच्या वर्गणीची यादी लावी.

"अहो अण्णा, एवढं अगडबंब विमान! त्याला माझा वीतभर बाण काय करणार?"

"बाणाने विमान सहसा पडत नाही हो," अण्णा शांतपणे म्हणाले. "पण आत माणूस असतो. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांनी तो धावपट्टीचे दिवे शोधत असतो. त्या डोळ्यांपुढे तुमचा बाण फुटला, की क्षणभर त्याला काय दिसणार? आपल्यावरून जाताना विमान जमिनीपासून जेमतेम ९० मीटर वर असतं. वेग ताशी अडीचशे किलोमीटर. म्हणजे टेकायला उरतात वीस-बावीस सेकंद. तेवढ्यात डोळे चोळायचे, की विमान उतरवायचं?"

"आणि तुमचे फटाके?"

"आम्ही टॉवरला विचारून वाजवायचो. विमान लांब असताना. आणि नंतर कागदाचा कपटासुद्धा उचलून आणायचो. २००० साली पॅरिसला ते काँकॉर्ड कशाने गेलं? धावपट्टीवर पडलेल्या हातभर पट्टीने टायर फुटला. ११३ माणसं गेली."

मी "हो का!" म्हणालो आणि वाण्याकडे बाणांची दोन पुडकी जास्त सांगितली. ऐकून घेणं आणि ऐकणं यांत फरक आहे.

दोन-चार वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामासाठी पंधरा दिवस नागपूरला होतो. परतीचं तिकीट मिळालं ते नेमकं लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळचं. खिडकीची जागा. विमान खाली येऊ लागलं तशी मुंबई दिसू लागली आणि मुंबईबरोबर मुंबईची दिवाळी. शेजारच्या आजीबाई मांडीवरच्या नातवाला दाखवत होत्या, "बघ, बघ, फुलं!" फुलंच होती. फक्त ती खालून वर येत होती.

गच्चीवरून विमान मोठं दिसतं. विमानातून ते फार लहान वाटतं. त्यातून आपण आत असलो तर आणखीच लहान. मला एकदम अण्णांचे आकडे आठवले. इतकी वर्षं न ऐकलेले सगळे तोंडपाठ निघाले!

तेवढ्यात डावीकडे दिव्यांची अक्षरं दिसली : "शु दीपावली". 'भ'चे दिवे तीन वर्षांपूर्वी गेलेत आणि सेक्रेटरी कोटेशन मागवताहेत. म्हणजे ही आमचीच गच्ची! मी नाक काचेला लावलं आणि त्याच गच्चीवरून एक ठिणगी सुटली. सरळ. जराही न डगमगता. बाटली अशी ठेवणारा माणूस कुर्ल्यात मी एकटा, आणि मी तर इथे होतो. बाण पंखाच्या पलीकडे फुटला, लाल चांदण्या झाल्या. मी आजीबाईंचा हात घट्ट धरला. त्यांनी धरू दिला. मी वीसपर्यंत मोजायला लागलो, अठराला चाकं टेकली.

घरी पोचलो तर बंड्या दारातच.

"बाबा, तुमच्या विमानाच्या वेळेला खास बाण सोडला! दिसला का?"

मी रागवायला तोंड उघडलं आणि मिटलं. वाळू किती भरायची हे त्याला मीच शिकवलं होतं.

चपला न काढताच मी त्याला घेऊन तळमजल्यावर गेलो आणि सगळं अण्णांच्या कानावर घातलं. अण्णा चिडले नाहीत. एवढंच विचारलं, "चांदण्या कोणत्या रंगाच्या होत्या?"

"लाल," बंड्या म्हणाला.

"आकाशातल्या विमानाला खालून लाल दारूकाम दाखवलं, तर त्याचा अर्थ जगभर एकच ठरलेला आहे," अण्णा म्हणाले. "आधी काहीही सांगितलेलं असो, तूर्त उतरू नये."

पंधरा दिवसांनी घरी येणाऱ्या बापाचं हे स्वागत! वर येऊन हिला सांगितलं, तर ही म्हणाली, "काही चुकलं नाही पोराचं. पंधरा दिवस घर कसं शांत होतं!"

आता दिवाळीला आम्ही अंगणात भुईनळे लावतो. पहिला अण्णा पेटवतात. पेटवण्याआधी मान वर करून आकाश तेवढं बघून घेतात. हल्ली मीही बघतो.