जाऊन येतो

कोलाड हे माझे गाव. कुंडलिका नदीच्या काठी, मुंबई-गोवा रस्त्यावर ते वसलेले आहे. पावसाळ्यात गावाभोवतीची भातखाचरे पाण्याने भरून जातात आणि सारा शिवार हिरवागार दिसू लागतो. अशा गावातला मुलगा जपानी भाषा शिकायला निघाला, तेव्हा पुष्कळांना नवल वाटले. आजीने मात्र एकच प्रश्न विचारला, "तिथली माणसं जेवतात काय रे?"

"भात," मी म्हणालो.

"मग काही काळजी नाही," ती म्हणाली.

ताम्हिणी घाट ओलांडून मी पुण्याला गेलो आणि रानडे इन्स्टिट्यूटमधल्या जपानीच्या वर्गात दाखल झालो. जपानी ही फार अवघड भाषा, असे ऐकून मी मनातून धास्तावलो होतो. पण पहिल्याच दिवशी गुरुजींनी फळ्यावर अक्षरे लिहिली आणि वाचून दाखवली : आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम ऐकून मी चकित झालो. आपल्या बाराखडीशी त्याचे नाते उघड दिसत होते. अक्षरांचे आकार चिनी लिपीवरून घडलेले. पण त्यांचा हा क्रम संस्कृत वर्णमालेचा अभ्यास करणाऱ्या बौद्ध भिक्षूंमुळे जपानात रुजला, असे गुरुजींनी सांगितले.

वाक्याची रचनाही ओळखीची निघाली. इंग्रजीत क्रियापद वाक्याच्या मध्येच येऊन बसते. जपानीत ते मराठीसारखे शेवटी येते. 'मी भात खातो' हे वाक्य ज्या क्रमाने आपण बोलतो, त्याच क्रमाने जपानी माणूस बोलतो.

याखेरीज चित्रांसारखी दिसणारी चिन्हे शिकावी लागत. नित्याच्या वापरासाठी ठरवून दिलेली अशी चिन्हे 2136 आहेत. त्यांतले 'शेत' या अर्थाचे चिन्ह मला फार आवडे. एक चौकोन आणि आत एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघा. जणू डोंगरावरून पाहिलेली बांध घातलेली खाचरेच! या शेताखाली 'बळ' हे चिन्ह लिहिले, की 'पुरुष' असा शब्द होतो. सुट्टीत घरी गेल्यावर मी हे आजीला मोठ्या कौतुकाने सांगितले. ती खळखळून हसली. म्हणाली, "आणि लावणी कोण करतं मग तिकडं?" मी निरुत्तर झालो. भाताची लावणी करणाऱ्या मुलींसाठी जपानीत 'साओतोमे' असा खास शब्द आहे, हे मला नंतर कळले.

गुरुजी नेहमी म्हणत, "शब्द पाठ करू नका, प्रसंग पाठ करा. शब्द कोठे, कोणाजवळ आणि का बोलतात, हे कळले म्हणजे भाषा कळली." हे बोलणे मला तेव्हा नीटसे उमगले नव्हते.

पुढे तीन महिने जपानात राहण्याची संधी मला मिळाली. निघण्याचा दिवस उजाडला. जून महिना होता आणि पाऊस धो धो कोसळत होता. गाडी चुकेल म्हणून मी घाईत होतो. पिशवी उचलून मी ओरडलो, "आजी, जातो ग!"

आजी उंबऱ्यात उभी राहिली. "जातो म्हणू नये, बाळा. येतो म्हण."

"अग, जायला निघालो आहे, तर येतो कसे म्हणू? शब्दांनी काय होते?" असे म्हणून मी तिच्या बाजूने निघून गेलो. रस्त्याच्या वळणावर मागे वळून पाहिले. ती अजून पावसात उभी होती.

ओकायामा या शहरात एका कुटुंबाने मला आपल्या घरी ठेवून घेतले. याच शहरातल्या कोराकुएन नावाच्या जुन्या बागेच्या धर्तीवर पुण्यातले पु. ल. देशपांडे उद्यान उभारलेले आहे. घरात एक आजीबाई होत्या. सर्वजण त्यांना 'ओबाआसान', म्हणजे आजी, म्हणत. घरात शिरताना पायांतली पादत्राणे दाराशी काढायची, जेवणापूर्वी हात जोडून 'इतादाकिमास' म्हणायचे, असे एकेक वळण त्यांनी मला लावले. तेथेही पावसाचे दिवस होते. बारीक पावसाला त्या 'शितोशितो' म्हणत. आपली 'रिमझिम' मी त्यांना म्हणून दाखवली, तेव्हा त्यांना फार गंमत वाटली.

पहिल्या दिवशी सकाळी बाहेर पडताना मी शिकलेला शब्द वापरला, "इकिमास." म्हणजे 'जातो'. व्याकरणाच्या दृष्टीने तो अगदी बरोबर होता. पण ओबाआसान दारात थांबल्या. हसून, मान हलवत त्या म्हणाल्या, "इत्तेकिमास."

मी मनात शब्दाची फोड केली. 'इत्ते' म्हणजे जाऊन. 'किमास' म्हणजे येतो. जाऊन येतो!

मी जागच्या जागी थबकलो. हजारो मैलांवर, समुद्रापलीकडे, दुसरी आजी मला तेच सांगत होती. हा शब्द मी पुण्यातही पाठ केला होता. पण त्याचा अर्थ त्या उंबऱ्यात उभे राहिल्यावर कळला. जाणारा माणूस घरी राहणाऱ्याला परत येण्याचे वचन देऊन जातो. घरच्यांचा दिवस त्या वचनाच्या आधारावर पार पडतो. मी मात्र आजीला ते न देताच निघून आलो होतो.

"इत्तेकिमास," मी वाकून म्हणालो. "इत्तेराश्शाइ," जाऊन ये, असे उत्तर आले.

त्या रात्री मी कोलाडला दूरध्वनी केला. आजीला मोठ्याने बोलल्याशिवाय ऐकू येत नसे. मी ओरडून म्हणालो, "आजी, येतो ग!"

"कधी?" तिने घाईघाईने विचारले.

"आता नाही. त्या दिवशी म्हणायचे राहिले होते, ते आज म्हणालो."

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग ती हळूच म्हणाली, "ये हो, बाळा."

गणपतीच्या आदल्या दिवशी मी घरी परतलो. खाचरांतले भात आता पोटरीवर आले होते. आजी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. बाहेरून आलेला जपानी माणूस दारातच 'तादाइमा' म्हणतो. सवयीने माझ्या तोंडून तोच शब्द बाहेर पडला.

"म्हणजे काय रे?" आजीने विचारले.

"म्हणजे, मी आलो."

"मग सरळ 'आलो' म्हण ना!" आजी म्हणाली आणि तिने माझ्या पायांवर पाणी घातले.