सेकंदाचा हट्ट मी सोडला

थेट डॅशबोर्ड म्हणजे दर सेकंदाला हलणारा आकडा, असं माझं वर्षानुवर्षं ठाम मत होतं. शेतकऱ्याला शिळी माहिती द्यायची नाही, खर्चाचं नंतर क्लाउडमध्ये बघून घेता येतं, हेही मी तितक्याच जोरानं मांडायचो. पहूर परिसरातल्या केळी-कपाशीच्या शेतांमधले ओलाव्याचे सेन्सर सांभाळताना ही दोन्ही मतं बदलली.

आधी हिशेब. एक सेन्सर दर सेकंदाला संदेश पाठवू लागला, तर 30 दिवसांत 25,92,000 संदेश होतात. तोच दर 15 मिनिटांनी बोलला, तर 2,880. शंभर सेन्सर धरले की एकीकडे जवळपास 26 कोटी, दुसरीकडे तीन लाखांच्या आत. संदेश घेण्याचे पैसे वेगळे, साठवण्याचे वेगळे, डॅशबोर्डवर पोचवण्याचे वेगळे. त्यात मापही ठरलेलं. ॲमेझॉनच्या आयओटी कोअर या क्लाउड सेवेत 5 किलोबाइटपर्यंतचा संदेश एक म्हणून मोजतात, आणि आमची नोंद शंभर बाइटांत मावते. मूठभर दाण्यांसाठी अख्ख्या पोत्याचं भाडं भरायचं, तसं ते होतं.

तरी नुसत्या बिलानं माझं मत हललं नसतं. हललं ते नोंदी वाचताना. केळीच्या बागेत 30 सेंटिमीटर खोल बसवलेल्या सेन्सरची एका रात्रीची यादी मी ओळीनं वाचत गेलो. 31.4, 31.4, 31.4. ठिबक सुरू झालं, तरी बराच वेळ आकडा जागचा हलेना. काळ्या जमिनीत पाणी खाली उतरायला वेळ घेतंच. मग 31.6, आणि पुन्हा शेकडो ओळी तशाच. त्या बागेचे मालक लाईट यायच्या वेळेला मोबाईल उघडायचे आणि विचारायचे, ‘‘भाऊ, आज पाणी सोडू का नको, तेवढं सांगा.’’ थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री; त्या पाळीपुरता एक निर्णय. त्यासाठी रात्रभराचे हजारो आकडे कुणालाच नको होते.

आता केव्हा कळवायचं ते बांधावरची सेन्सरची पेटीच ठरवते. मोजते दर मिनिटाला. ओलावा अर्ध्या टक्क्यानं सरकला तर लगेच कळवते, नाहीतर तासातून एकदा ‘चालू आहे’ एवढंच. डॅशबोर्ड कुणी उघडला तरच त्याच्याकडे माहिती वाहते. संदेश पाठवायला आम्ही वापरतो तो एमक्यूटीटी प्रोटोकॉल अँडी स्टॅनफोर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी 1999 मध्ये तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी तयार केला. तिथे एकेक बाइट महाग होता. त्याच्या घडणीतच काटकसर आहे, आणि मी तोच सेकंदासेकंदाला राबवत होतो.

पेटी तापमानही मोजते; त्याच्या बाबतीत मात्र मी कडक झालो. तासाभराच्या नोंदी एकत्र करायच्या म्हटलं की लोक सरासरी काढतात. सरासरीत पहाटेची थंडी बुजते. थंडीत केळीची वाढ खुंटते, आणि हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळीच्या थंडीचा निकष सलग दिवसांच्या किमान तापमानावर ठरतो. विम्याला महसूल मंडळातल्या केंद्राचीच नोंद चालते हे खरं, पण आपल्या बागेत पारा किती उतरला हे शेतकऱ्याला कळायलाच हवं. म्हणून किमान आणि कमाल हे दोन आकडे आम्ही कधीच गाळत नाही.

कमी संदेश पाठवण्यावर माझ्या एका सहकाऱ्याचा आक्षेप रास्त होता: बोअरचं पाणी आटलं आणि मोटर कोरडी फिरली तर? तिथे सेकंद मोलाचे आहेत. पण अजिंठ्याच्या डोंगराकडे रेंज जाते, त्यामुळे मोटर बंद करण्याचं काम क्लाउडवर सोडणंच मला धोक्याचं वाटतं. ते स्टार्टरमध्येच, बोअरजवळ व्हायला हवं. क्लाउडला त्या क्षणी फक्त बातमी जाते, आणि ती तासाभराच्या संदेशासाठी थांबत नाही. थेटपणा तिथे शाबूत राहतो.

एका गोष्टीवर आमचं अजून एकमत नाही. मिनिटामिनिटाच्या मूळ नोंदी आम्ही पेटीतल्या मेमरी कार्डवर ठेवतो आणि लागतील तेव्हाच मागवतो. सहकाऱ्याच्या मते पुढच्या अभ्यासासाठी त्या क्लाउडमध्ये हव्यात. मला वाटतं, आठवड्यातून एकदा, एका फाइलमध्ये दाबून, स्वस्त साठवणीत पाठवल्या तर त्याचंही काम भागेल. येत्या रब्बीत दोन-चार पेट्यांवर तसं करून बघणार आहोत.