थांबवणारा अंगठा

मोबाइल एक आणि मुले दोन, तर तो द्यायचा कोणाच्या हातात? डॉक्टरांनी घसा ताणायला मनाई केली आणि आठवीचे गणित मी जोडीने बघायच्या व्हिडिओंवर टाकले, तेव्हापासून हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. व्हिडिओ कोणाचा, किती मिनिटांचा, याचे मला फारसे काही नाही. तो कुठे थांबतो आणि कोण थांबवतो, ते बघावे.

एकचल समीकरणेच घ्या. जाणत्या मुलाच्या हाती मोबाइल दिला की तो पुढेच सरकवतो. शेजारची मुलगी "कळालं" म्हणते. कळालेले काही नसते, पण त्याला किती ताटकळत ठेवायचे, हा संकोच. दोघेही कच्चे आणि ओढ असलेले निघाले तर "पण चिन्ह कामून बदललं?" यावर तास जातो आणि उत्तराच्या जवळपास तरी येतात. ओढ नसेल तर व्हिडिओ संपतो, दोघे उठतात. नुसत्या ओढीनेही भागत नाही. आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला साखर कारखान्यावर गेलेली मुलगी उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्या धर्मापुरीत परतते, तेव्हा तिच्याइतकी हट्टाने कोणी बसत नाही. पण पूर्णांक संख्या मागच्याच हंगामात तिच्या माघारी होऊन गेलेल्या. अडले नेमके कुठे, हेच तिला उमगत नाही. थांबवण्यापुरते तरी आधी यावे लागते.

थांबवत शिकणे काही नवे नाही. स्टॅनफर्डच्या जेम्स गिबन्स यांनी वर्गातल्या व्याख्यानांच्या टेप ह्यूलेट-पॅकार्डच्या अभियंत्यांना लहान गटांत दाखवल्या. मध्येच टेप थांबवायची, बोलायचे, मग पुढे. वर्गात बसणाऱ्यांपेक्षा हे गट सरस ठरले, असे १९७७ साली 'सायन्स'मध्ये छापून आले. ठरतीलच! पाया पक्का, आणि थांबवायला सोबत माणूस नेमलेला. आमच्याकडे टाळेबंदीत, २०२० साली, सह्याद्री वाहिनीवर 'टिलिमिली' लागायची. मालिका चांगली होती, पण टीव्हीला कोण थांबवणार?

आता पोरांच्या मोबाइलवर लातूरकडच्या शिकवण्या असतात. बोलण्याचा वेग असा, की थांबवणाऱ्यालाच ओशाळे वाटावे. हे मी मत्सरानेही म्हणत असेन. माझाही एक व्हिडिओ आहे. मागे शिल्पे दिसावीत म्हणून गावातल्या केदारेश्वराच्या देवळात जाऊन, कडक इस्त्रीचा सदरा घालून समीकरणे शिकवली. त्या शिल्पांचा गणिताला काडीचा उपयोग नाही. मुलांनी थांबवावे, असे मीच सांगतो आणि माझा व्हिडिओ थांबवला की मलाच झोंबते.

यंदा नियम केला: मोबाइल कच्च्याकडे, पक्क्याने विचारल्याशिवाय बोलायचे नाही. तर वर्गातला सगळ्यांत हुशार मुलगा म्हणाला, "सर, मला एकट्याला बघू द्या." मी नाही म्हणालो. त्याने कारण विचारले नाही. वडील विचारतील, शनिवारी पालकसभा आहे.