वाकड्या अंगणाची बाजू

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपण कायम नाचणाऱ्यावर उगारतो. अंगण खरोखर वाकडे होते का, हे कुणी जाऊन पाहत नाही. शनिवार-रविवारी घरी पाहिलेल्या चित्रपटांवरची मते ऐकताना मला मात्र अंगणाचीच शंका येत राहते. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ हा शास्त्रीय गायकावरचा मराठी चित्रपट घ्या. 2020 मध्ये व्हेनिसला त्याला पटकथेचा पुरस्कार मिळाला आणि एप्रिल 2021 मध्ये तो नेटफ्लिक्सवरून थेट घरात आला. ‘फार संथ, काही घडतच नाही’ हे मत त्याच्याबद्दल सहज निघते. त्यातल्या मैफलींची दृश्ये दुरून घेतलेली आहेत: तुरळक श्रोते, मध्ये रिकाम्या खुर्च्या, समोर गाणारा एकटा माणूस. मोठ्या पडद्यावर त्या रिकाम्या खुर्च्या अंगावर येतात. फोनवर त्यांचे ठिपके होतात आणि जे घडत असते तेच दिसेनासे होते. मग ‘संथ’ हा शेरा चित्रपटाला लागू पडतो की त्या पडद्याला?

चेन्नईतल्या मैलापुरात बसून हा विचार केला की तो नाचाकडेच वळतो, कारण इथे अंगण बदलल्याचा इतिहास फार जवळचा आहे. आज भरतनाट्यम् म्हणून जे दिसते त्याच्या मांडणीचा मोठा भाग तंजावरच्या मराठी दरबारात घडला. ती मांडणी करणारे पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ सरफोजीराजांच्या आश्रयाला होते. देऊळ आणि दरबार ही त्या नाचाची अंगणे. पुढे समाजाने तो नाच आणि तो नाचणाऱ्या देवदासी दोन्ही हीन ठरवले, आणि 1931 मध्ये मद्रासच्या म्युझिक अकादमीने देवदासी परंपरेतल्या कल्याणीच्या मुलींच्या नाचाचा कार्यक्रम ठेवला तेव्हा तो नाच प्रेक्षकांपुढे, रंगमंचावर उभा राहिला. या बदलाने नाच वाचला, असे एक मत. ज्यांचा तो होता त्यांच्या हातून तो गेला, असे दुसरे. मला दोन्ही खरी वाटतात. पण अंगण बदलले की नाचही तोच राहत नाही, एवढे तरी या इतिहासातून मान्य करावे लागते.

यावर कुणी म्हणेल, चांगली कलाकृती कुठल्याही पडद्यावर टिकते. काही टिकतातही, ज्यांचा जीव संवादांत आणि चेहऱ्यांत असतो त्यांचे छोट्या पडद्यावर फारसे बिघडत नाही. पण तेवढ्यालाच कसोटी मानले तर अंतराने, शांततेने बोलणारे चित्रपट आधीच बाद होतात. दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. घरातल्या कामातून किंवा दुखण्यातून ज्यांना चित्रपटगृह कधी गाठता आले नाही, त्यांना घरच्या पडद्याने पहिल्यांदा मत मांडू दिले. त्यांच्या मताला मी अपुरे कसे म्हणू?

आणि सभागृहातला श्रोता तरी अखंड लक्ष देतो का? मार्गळीतल्या, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या, कच्चेरीत (कर्नाटक संगीताच्या मैफलीत) मृदंगाचे तनि आवर्तन, म्हणजे एकल वादन, सुरू झाले की कितीतरी जण उठून कॅन्टीनकडे जातात, कॉफी घेतात आणि तिथेच गायकाच्या रागविस्ताराचा निकाल लावतात. ही सवय घरातल्या पडद्याहून कितीतरी जुनी आहे. डिसेंबर 2020 मध्ये कच्चेऱ्या ऑनलाइन झाल्या तेव्हा उठून जायला कॅन्टीन नव्हते, तरी मन कुठे होते ते कोण सांगणार! म्हणजे मी अंगणाला दोष देत आलो तो निदान अर्धा तरी पाहणाऱ्याकडे परत जातो, आणि म्हण पुन्हा आपल्या जुन्या अर्थावर येऊन बसते. तेही मला पुरते पटत नाही. ‘द डिसायपल’मधल्या माई या गायिकेने आपले गाणे ध्वनिमुद्रित होऊ दिले नाही, चित्रपटाचा नायक, गाणे शिकणारा शरद नेरुळकर मात्र त्यांची चोरून मुद्रित झालेली व्याख्याने रात्री मोटारसायकलवरून जाताना हेडफोनवर ऐकतो. समोर गुरू नाही, शेजारी श्रोता नाही. त्या ऐकण्याने तो घडला की अडकला, हे मला अजून ठरवता आलेले नाही.