बोंबल्या विठोबाच्या यात्रेत एक परदेशी पाहुणा

पंढरीच्या विठोबाला तुळस आवडते, बुक्का आवडतो, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. परंतु सुक्या बोंबलांच्या वासात, कमरेवर हात ठेवून, अगदी प्रसन्न मुद्रेने उभा राहणारा विठोबाही ह्याच महाराष्ट्रात आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. हा विठोबा साजगावचा. खालापूर तालुक्यात, खोपोलीला लागून हे गाव आहे. कार्तिकातल्या एकादशीला येथे यात्रा भरते आणि पुढे कित्येक दिवस चालते. समुद्रकाठची मासळी वाळून, गोण्यांत भरून येथे येते आणि आसपासचे शेतकरी, ठाकर, कातकरी वर्षाची बेगमी करून जातात. म्हणून ह्या देवाचे नाव पडले बोंबल्या विठोबा! नाव ठेवणाऱ्याने त्यात अनादर कल्पिला नसावा. ज्या गावचे जे पीक, त्यावरून देवाला हाक मारायची, इतकाच त्यातला साधा हिशेब.

साजगावला जाणे फार सोपे आहे. मुंबईहून खोपोलीची लोकल पकडावी. कर्जत मागे पडले, की गाडी पुण्याचा रस्ता सोडते आणि पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी अशी एकेक छोटी स्टेशने घेत निवांतपणे खोपोलीला टेकते. समोर सह्याद्रीची भिंत. डोंगरावरून उतरलेले टाटांच्या वीजघराचे जाडजूड नळ दुरूनही दिसतात. १९१५ सालापासून येथली वीज मुंबईला जाते आहे. गावात नाना फडणविसांनी बांधवलेले तळे आणि महादेवाचे देऊळ आहे. तेथे घटकाभर बसावे आणि मग रिक्षाने साजगावची वाट धरावी.

गेल्या वर्षी मी ह्या यात्रेला गेले तेव्हा माझ्याबरोबर एक पाहुणा होता. माझ्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत ओहायो राज्यात असतो. त्याच्या शेजारच्या घरातला हा एकोणीस वर्षांचा मुलगा. शाळा संपलेली, कॉलेज सुरू व्हायचे होते. आपल्या चर्चमधल्या अकरा सोबत्यांबरोबर तो तीन आठवड्यांसाठी हिंदुस्थानात आला होता. कर्जतच्या बाजूला मुलांचे एक वसतिगृह आहे; तेथे राहायचे, भिंती रंगवायच्या, मुलांशी खेळायचे, त्यांना गाणी शिकवायची, असा त्यांचा कार्यक्रम. तिकडे ह्याला ‘मिशन ट्रिप’ म्हणतात. मंडळी परत जाण्याआधी दोन दिवस मोकळे होते. भाच्याचा फोन आला, “मावशी, त्याला काहीतरी खरे दाखव.” आता खरे म्हणजे काय दाखवायचे? ताजमहाल लांब होता आणि साजगाव जवळ.

भाच्याचे ऐकून हा मुलगाही मला ‘मावशी’ म्हणू लागला. पण यात्रेत शिरल्यावर त्याची मोठी पंचाईत झाली. मी घोंगडीवालीला मावशी म्हटले, चहावालीला म्हटले, मासळीवालीलाही म्हटले. “तुमच्या किती बहिणी आहेत?” त्याने मला हळूच विचारले. मी म्हटले, “बाबा, मोजल्या नाहीत.”

यात्रा म्हटली की जे जे असायचे ते सारे तेथे होते. पाळणे, पिपाण्या, खाजे, भांड्यांच्या राशी, आणि ह्या सगळ्यावर मासळीचा घमघमाट. (ज्यांना तो घमघमाट वाटत नाही त्यांनी नाकाला रुमाल लावावा, यात्रेत कोणी हसत नाही.) बोंबील, सुकट, वाकट्या, सोडे, खारे बांगडे. अंगावर माळ घातलेला वारकरी शेजारून निर्विकारपणे टाळ वाजवीत चालला होता आणि मासळीवाली त्याला वाट करून देत होती. हे पाहून पाहुणा थक्क झाला. देव शाकाहारी, भक्त माळकरी आणि बाजार मासळीचा, हे जमते कसे? मी त्याला काय सांगणार! जमते खरे.

आम्ही मासे खाणारी माणसे. तेव्हा मी एका वयस्क मासळीवालीपुढे बसून बोंबलांचा भाव करू लागले. भाव पटेपर्यंत गप्पा निघाल्या. इथे विठोबा कसा आला, हे तिनेच आम्हांला सांगितले.

“तुकाराम म्हाराज देहूवरनं मिरच्या घेऊन इकडं इकायला आले. गरीब मानूस. लोकांनी मिरच्या नेल्या, पैसं कुनी दिलं नाय. म्हाराज गप बसून भजन करत ऱ्हायले. मग इठ्ठल सोता आला, घरोघरी फिरला आन् वसुली करून दिली. तवापासून तो हितंच हाय.”

ही कथा मी पाहुण्याला इंग्रजीत सांगितली. त्याला ती फार आवडली. इतक्यात बाईने त्याला आपादमस्तक न्याहाळले आणि मला विचारले, “आन् ह्यो पाव्हना काय इकायला आलाय?”

मी भाषांतर केले. मुलगा लाल झाला. म्हणाला, “सांगा त्यांना, मी विकायला आलो नाही, द्यायला आलो आहे.”

बाई मनापासून हसली. आपल्या शेजारची गोणी तिने झटकली आणि म्हणाली, “मंग बस की बाबा आधी. हुबा ऱ्हाऊन काय देशील?”

तो बसला, आणि चांगला तासभर बसला. बाईने त्याला बोंबील मोजायला लावले. एक, दोन, तीन करीत तो वीसपर्यंत पोहोचला; ‘एकोणीस’ शब्दापाशी मात्र प्रत्येक वेळी अडखळला. आपले स्वतःचे वय उच्चारता येत नाही म्हणून सारे आजूबाजूचे लोक हसले, तोही हसला. निघताना मी पैसे दिले तेव्हा तिने मूठभर सुकट वर घातली. “ही त्याची मजुरी,” म्हणाली.

परतीच्या गाडीत त्याची कळी कोमेजली होती. थोड्या वेळाने तो आपण होऊन बोलू लागला. त्या वसतिगृहाची भिंत त्यांनी चार दिवस खपून रंगवली. घासताना जुन्या रंगाखाली आणखी एक रंग निघाला आणि त्यावर इंग्रजी नावे. आधीच्या वर्षी आलेल्या मंडळींनीही तीच भिंत रंगवली होती. गावातला एक रंगारी फाटकाशी येऊन उभा राही आणि त्यांचे काम पाहून मुकाट्याने निघून जाई. “आमच्यापैकी एकाच्या विमानभाड्यात,” तो म्हणाला, “त्या माणसाला किती दिवस काम मिळाले असते?” हे एक. दुसरे त्याला अधिक लागले होते. सात-आठ वर्षांच्या एका पोराने त्याला विचारले, “तू पुन्हा येशील ना?” ह्याने ‘हो’ म्हटले. तेव्हा ते पोर शांतपणे म्हणाले, “सगळे हो म्हणतात.”

“मावशी, आम्ही चांगले केले की वाईट?”

वाचकहो, ह्या प्रश्नाला चटकन उत्तर देणे सोपे आहे, म्हणूनच मी ते दिले नाही. खिडकीतून बोरघाटाचे डोंगर दिसत होते. त्यांच्याकडे बोट दाखवून मी त्याला त्याच्याच देशातल्या एका माणसाची हकीकत सांगितली.

गॉर्डन हॉल हा मॅसॅच्युसेट्सचा तरुण. १८१२ साली तो जहाजात बसला आणि ११ फेब्रुवारी १८१३ रोजी सॅम्युअल नॉट ह्या सोबत्यासह मुंबईस उतरला. अमेरिकेतून महाराष्ट्रात आलेले हे पहिले मिशनरी. कंपनी सरकारला ते नको होते. त्यांना परत पाठविण्याचे हुकूमही निघाले. नॉट आजारी पडून १८१५ साली मायदेशी गेला. हॉल राहिला. त्याने मराठी शिकून घेतली, सहकाऱ्यांसह नव्या कराराचे मराठी भाषांतर केले, शाळा काढल्या, गावोगाव हिंडला. मार्च १८२६ मध्ये तो नाशिककडे गेला. तेथे पटकीची साथ होती. जवळची बहुतेक औषधे त्याने रोग्यांना वाटून टाकली. परतीच्या वाटेवर त्यालाच पटकीने गाठले आणि २० मार्च रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, एका हिंदू देवळाच्या पडवीत त्याचा अंत झाला.

त्याच सुमारास, १८२५ च्या पावसाळ्यात, कलकत्त्याचा बिशप हेबर ह्या बोरघाटाने पुण्याला गेला. मोठा रसिक माणूस. खोपोलीच्या तळ्याची त्याने रोजनिशीत नोंद केली आणि पुढे चालता झाला. तोही प्रवासीच, पण त्याच्याजवळ पाहण्यापुरता वेळ होता. हॉलजवळ शिकण्यापुरता होता.

हॉलसारख्यांच्या उपदेशाने किती माणसे ख्रिस्ती झाली, हा हिशेब मांडला तर तो फार मोठा भरणार नाही. परंतु त्यांनी मुंबईत छापखाना काढला. त्या अमेरिकन मिशन छापखान्यात काम शिकून गणपत कृष्णाजींनी आपला छापखाना घातला. लहानपणी तेथेच राबलेल्या जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर काढला, आणि साजगावची एकादशी कोणत्या दिवशी येते हे ज्या पंचांगात आपण पाहतो, त्या छापील पंचांगांच्या इतिहासात ही नावे अग्रभागी आहेत. त्यांच्या मिशनने १८२४ साली मुंबईत मुलींची शाळा काढली. १८२७ साली सिंथिया फॅरार नावाची अविवाहित बाई येथे शिकवायला आली, पुढे नगरला गेली आणि १८६२ साली तेथेच वारली. तिची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले होते, हे प्रसिद्धच आहे. ही मंडळी आपल्या धर्माला नावे ठेवीत, हेही खरे, आणि त्याचा राग आपल्या पणजोबांना आला तो काही उगीच नव्हे. पण ती बसली. उभ्या उभ्या परत गेली नाहीत.

आणि बसलेल्या माणसाचे काय होते, ते पाहण्यासारखे आहे. जस्टिन ॲबट हा त्याच मिशनचा माणूस १८८१ साली येथे आला. कित्येक वर्षे येथे काढून तो अमेरिकेत परतला, आणि म्हातारपणी त्याने काय करावे? आपल्या संतांची चरित्रे इंग्रजीत आणली! १९२९ साली बहिणाबाई, १९३० साली महिपतींनी लिहिलेले तुकारामांचे चरित्र. जो येथे सांगायला आला होता, तो ऐकून गेला आणि ऐकलेले आपल्या लोकांना सांगू लागला.

“पण तेव्हा माणसे जन्मभरासाठी येत,” पाहुणा म्हणाला. त्याचे म्हणणे बरोबर होते. अशा थोड्या दिवसांच्या सफरींचे प्रस्थ वाढले ते जॉर्ज व्हर्वर, लॉरेन कनिंगहॅम अशा तरुणांनी १९५७ ते १९६० च्या सुमारास संस्था काढल्या तेव्हापासून. विमाने आली, सुट्ट्या आल्या. सगळ्यांनी जन्म वाहावा, असे कोण म्हणेल? शिवाय थोडी भेट म्हणजे वाया, असेही नाही. १८९३ साली आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशाने नारायण वामन टिळकांना नव्या कराराचे पुस्तक दिले. त्या प्रवाशाचे नावसुद्धा मागे राहिले नाही. दोन वर्षांनी टिळक ख्रिस्ती झाले. पण आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकारामाच्या पुलावरून, असे तेच सांगत. आणि ख्रिस्ताची भजने त्यांनी लिहिली ती अभंगाच्या चालीवर. प्रवाशाने पुस्तक दिले खरे, पण पूल येथे आधीच बांधलेला होता.

ह्या गोष्टी मी पाहुण्याला सांगितल्या. तात्पर्य सांगितले नाही. ते काही एकट्या त्याच्यासाठी नाही. पावसाळा सरला, की मुंबई-पुण्याच्या मोटारी कर्जत-खालापूरच्या ठाकरवाड्यांकडे निघतात. ब्लँकेटे वाटली जातात, वह्या वाटल्या जातात, पोरांना रांगेत उभे करून फोटो निघतात, आणि संध्याकाळी मंडळी समाधानाने घरी येतात. देणाऱ्यांचे मन चांगले असते, ह्यात मला शंका नाही. त्या ओहायोच्या मुलाचेही मन चांगलेच होते. पण वाडीत पाणी कुठून आणतात, शाळेचे मास्तर रोज येतात का, गेल्या वर्षीच्या ब्लँकेटांचे काय झाले, हे विचारायला बसावे लागते. आणि मराठी येत नाही, ही सबब ओहायोच्या मुलाला आहे, आपल्याला नाही.

मुलगा गेला. दोन महिन्यांनी भाच्याकडून निरोप आला, की त्याला मराठी अंकलिपी हवी आहे. मी पाठविली. त्या वसतिगृहातल्या पोराला तो दर महिन्याला पत्र लिहितो. पत्र इंग्रजीतच असते, पण तारखेचे आकडे देवनागरीत घालतो. पुन्हा येईन, असे मात्र पत्रात कधी लिहीत नाही. येण्याची तयारी झाल्यावर लिहीन, म्हणतो.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा साजगावच्या यात्रेला अजून थोडे दिवस असतील. फराळाचे डबे रिकामे झाले, की एक दिवस काढून मुलांना घेऊन अवश्य जा. जाताना कापडी पिशव्या दोन न्या, बोंबलांची वेगळी. आणि शेवटची गाडी कितीची हे आधीच विचारून ठेवा; मासळीवाल्या मावशीने बस म्हटले, तर घाई करावी लागू नये.