माळ्यावरची टाकी की कुकरचा दाब?

लीड्स म्हटले की आपल्याला हेडिंग्लेचे क्रिकेट मैदान आठवते. त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत लाल विटांची, भिंतीला भिंत लावून उभी असलेली जुनी घरे आहेत. नोकरीसाठी इंग्लंडला गेलेल्या मुलांनी असे घर घेतले की थंडीपूर्वी एक निर्णय घ्यावा लागतो. बेळगावहून आईवडील हिवाळ्यात राहायला जाणार असतील, तर तो त्यांच्याही जिव्हाळ्याचा ठरतो.

तिकडची बहुतेक घरे गरम पाण्यावर ऊबदार राहतात. बॉयलर पाणी तापवतो आणि पंप ते खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरवतो. गार पाणी ८० अंशांपर्यंत तापले की सुमारे ३ टक्के फुगते. त्या वाढीव पाण्याला जागा कुठे द्यायची, यावरून दोन पद्धती झाल्या.

जुन्या, खुल्या पद्धतीत माळ्यावर एक लहान टाकी असते. फुगलेले पाणी तिच्यात चढते. टाकीवर वाकवून सोडलेल्या उघड्या नळीतून वाफेलाही वाट मिळते. मराठी घरातला बंब काय किंवा कन्नड घरातल्या बच्चलमनेतला हंडा काय, तोंड मोकळे असल्याने कोंडमारा नाही, तसेच हे. दाब कमी, म्हणून जुन्या जोडांवर ताण नाही. कोळशाच्या बॉयलरला तर अशी मोकळी वाट फार मोलाची, कारण पेटलेला कोळसा बटण दाबून विझत नाही. मात्र पाण्यात हवा मिसळून आतून गंज धरतो, गाळ साचतो आणि रेडिएटर खालून गारच राहतो. कडाक्याच्या थंडीत माळ्यावरची नळी गोठण्याचीही भीती असते.

नवी, बंदिस्त पद्धत प्रेशर कुकरसारखी. टाकी नाही; रबरी पडदा असलेल्या भांड्यातली हवा दबून पाण्याला जागा देते. गार असताना दाब १ ते १.५ बार ठेवतात. ३ बारला सुरक्षा झडप उघडते. गंज कमी, माळा मोकळा. पण बारीक गळतीनेही दाब उतरतो आणि पुष्कळ बॉयलर मग आपोआप बंद पडतात. मुले कामावर आणि घरात सत्तरीचे आईवडील गारठलेले, असे होऊ नये. दाबाचा काटा कुठे आहे आणि पाणी भरायची चावी कशी फिरवायची, हे त्यांना आधीच दाखवून ठेवावे.

मग निवड कशी करावी? आधी नळ पाहावेत, मग बॉयलर. खुल्या पद्धतीत माळ्यावरची टाकी गळती गुपचूप भरून काढते, त्यामुळे ती वर्षानुवर्षे कळत नाही. बंदिस्त केल्यावर तीच फरशीखालची गळती त्रास देते. म्हणून बदलण्यापूर्वी नळ धुऊन, दाब देऊन तपासून घ्यावेत. ते टिकले तर बंदिस्त पद्धत सोयीची. नळ बदलण्याइतका पैसा हाताशी नसेल, तर चालती टाकी मोडण्याची घाई नको. गॅसच्या बॉयलरला हात लावण्याचा अधिकार तिथे कायद्याने 'गॅस सेफ' नोंदणी असलेल्या कारागिरालाच आहे. ही नोंदणी २००९ पासून आहे. त्याचे ओळखपत्र मागायला संकोच करू नये.